सारख्या वजनाची लाकडं

सही करून तीन दिवस झाल्यावर पुष्पाबाईंना कळलं, की त्या कागदावर आपण नेमकं काय देऊन बसलो.

कागद आणला होता अंगणवाडीच्या दीपमालेनं. गावात निवडणुकीचं काम तिच्याच गळ्यात असतं. "आज्जी, पंच्याऐंशीच्या वरच्या लोकांचं मत आता साहेब घरी येऊन घेणार. तुमाला शाळेपर्यंत जायचं काम न्हाई," ती म्हणाली होती. पुष्पाबाईंना शहाऐंशी पूर्ण झाली होती. चौतीस वर्षं ग्रामसेविका म्हणून त्यांनी जाफराबादच्या आसपासची गावं पालथी घातली होती आणि त्या चौतीस वर्षांत हजार बायांना एकच गोष्ट सांगितली होती, की वाचल्याशिवाय कागदाला बोट लावू नका. पण त्या दिवशी चष्मा आतल्या खोलीत राहिला होता, दीपमाला घाईत होती, आणि खरं सांगायचं तर आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी उंबरा ओलांडून आत आलं होतं. त्या आनंदात त्यांनी सही केली, वर दीपमालेला चहा पाजला.

आज ती परत आली तेव्हा पुष्पाबाई म्हणाल्या, "मतदानाच्या दिवशी शाळेत दोन खुर्च्या ठेवायला सांग बाई. मी अन् सरदारबी. तिचे गुडघे माझ्याहून वाईट हायेत."

दीपमालेनं हातातली यादी उघडली. मग म्हणाली, "आज्जी, तुमाला शाळेत मत देता येणार न्हाई. घरचा फॉर्म भरला ना तुमी. यादीत नावापुढं शिक्का पडला."

"मंग शिक्का पुसा."

"आता न्हाई पुसता येत. वर गेला कागद."

ती गेल्यावर पुष्पाबाई बराच वेळ तशाच खाटेवर बसून राहिल्या. चहाचे दोन्ही कप समोर होते. मत जाणार नव्हतं, ते पेटीत पडणारच होतं. गेला होता तो दिवस.

गव्हाणखेड्यात सरदारबी त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे साठ वर्षं राहिली. तीन वर्षांपूर्वी तिचा मुलगा आमिर तिला जालन्याला घेऊन गेला. तिथल्या मस्तगड भागात त्याचं दुकान आहे आणि वर दोन खोल्या. मुलगा चांगला, सून नाहिद त्याहून चांगली. पण सरदारबीनं गावाकडे जायचं नाव काढलं की आमिर म्हणे, अम्मी, कोण आहे तिथं, कशाला जीपमध्ये हाडं मोडून घेतीस. फक्त मतदानाला त्याला नाही म्हणता येत नसे, कारण नाव गावच्या यादीत होतं. मे महिन्यातल्या लोकसभेला ती आली तेव्हा एक रात्र राहिली. दोघी शाळेच्या रांगेत पुढे-मागे उभ्या राहिल्या, बासष्ट सालापासून राहत आल्या तशा. परत येताना ओढ्याचा पूल ओलांडल्यावर एकमेकींना सांगितलं, कुणाला दिलं. पूल ओलांडेपर्यंत सांगायचं नाही, हा रिवाज होता. साठ वर्षांत दोघींचं मत तीनदाच जुळलं होतं. "आपली मतं एकमेकींला खाऊन टाकतात, बाई," सरदारबी म्हणायची, "सरकारनं आपल्याला घरीच बसवलं तर त्याचा कागद वाचंल."

आणि आता तसंच झालं होतं. एकीला घरी बसवलं होतं, तेही तिच्याच सहीनं.

*

या विधानसभेला उमेदवार पाच होते, पण मोजण्यासारखे तीन. तिघांची पत्रकं पुष्पाबाईंनी भाकरीच्या डब्याखाली दाबून ठेवली होती. या वेळी तिघांच्याही पत्रकात विजेची गोष्ट पहिल्या ओळीत होती, आणि त्यामुळे त्यांना या निवडणुकीची जरा जास्तच ओढ लागली होती. हा त्यांचा आणि सरदारबीचा विषय होता.

शहाऐंशी साली वरून हुकूम आला होता, गावोगाव बिनधुराच्या चुली बसवा. ग्रामसेविकेला आकडा ठरवून दिलेला, आणि चुली बांधायला गावातली हुशार हाताची बाई शिकवून तयार करायची. सरदारबीच्या हाताला माती ओळखायची सवय होती. तिनं बांधलेली भिंत तीन पावसाळे पोपडा सोडत नसे. मग दोघी निघाल्या. डोक्यावर पाइप, हातात साचे, कधी एसटी, कधी बैलगाडी, बहुतेकदा पाय.

गावात गेल्यावर बाया आधी हसायच्या. मग दोघी परीक्षा लावायच्या. एका बाजूला घरातली जुनी चूल, दुसऱ्या बाजूला नवी. दोन्हींवर सारखी पातेली, दोन्हींत पाच-पाच तांबे पाणी, आणि तराजूत तोलून सारख्या वजनाची लाकडं. कुठलं पाणी आधी उकळतं आणि कुणाची लाकडं उरतात ते सगळ्या गावानं बघायचं. बोलायचं काही कामच पडत नसे.

पण परीक्षेत न दिसणाऱ्या गोष्टी पुढे दिसल्या. गव्हाणखेड्यातच एका घरी चूल बसवली, पाइप भिंतीतून बाहेर काढला, घरातला धूर गेला. तो गेला थेट शेजारच्या कांताबाईच्या खिडकीत, जिथं तिच्या तान्ह्या नातवाचा पाळणा टांगलेला. पोर दोन दिवस खोकलं तेव्हा कांताबाई दारात येऊन उभी राहिली. सरदारबीनं शिडी लावून पाइप फिरवला. आणि वर्षाभरानं कळलं, की निम्म्या पाइपांत काजळी बसलीय, साफ कुणी केलेच नाहीत, बायांनी चुली फोडून पुन्हा तीन दगड मांडलेत. तेव्हापासून दोघींचे तीन प्रश्न ठरले होते. काय जळतं? धूर कुणाकडं जातो? राख कोण काढतं? पुढे त्यांनी गोबरगॅसलाही हेच विचारलं, गावात आलेल्या विजेलाही, आणि दर निवडणुकीत मत मागायला येणाऱ्यालाही.

*

त्या तिघांतल्या भागवतचा प्रचार करायला प्रितम आला. कांताबाईचा तोच नातू, आता अडतीस वर्षांचा, गळ्यात रुमाल, दारात भोंगा लावलेली गाडी.

"आज्जी, आशीर्वाद असू द्या. भागवतभाऊ गायरानावर सोलर आणून राह्यले. दोनशे एकर. शेतीला दिवसा लाइट."

"बस. काय जळतं त्यात?"

"त्यात कुठं काय जळतं? ऊन हाय फुकटचं."

"धूर?"

"न्हाईच की."

"राख?"

प्रितम हसला. "तुमी बी ना, आज्जी. जळतच न्हाई तर राख कुठून येईन?"

"गायरानात निंबाची अन् बाभळीची झाडं किती हायेत, मोजली का? शेरडं, म्हशी, सगळ्या गावाची जनावरं तिथं जातात. ती कुठं जातील? अन् ती काचेची ताटं पंचवीस वर्षांनी खराब झाली की कोण उचलणार? हीच राख."

"पंचवीस वर्षांनी कोन बघाया हाय, आज्जी?"

"मी नसंन. तू असशील." पुष्पाबाईंनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "तू पाळण्यात होतास तवा माझ्या चुलीचा धूर खाल्लास. तुझ्या आजीनं तवा माझ्या दारात उभं राहून हेच विचारल्तं. मी बी तवा हसल्ते."

प्रितमला ही गोष्ट माहीत नव्हती. तो जरा चरकल्यासारखा झाला, आणि म्हणाला, "बराबर हाय. भाऊला विचारून सांगतो." त्या दिवसानंतर गाडी रोज दारावरून गेली, पण थांबली नाही.

काकासाहेबांचं पत्रक सगळ्यांत जाड कागदाचं होतं. चोवीस तास फुकट वीज, मागेल त्याला बोअर. त्या विजेसाठी कोळसा जळणार होता. धूर गव्हाणखेड्यात येणारच नव्हता. तो शेकडो कोस लांब, जिथं कोळसा जाळतात तिथल्या बायांच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर पडणार होता. आणि चोवीस तास मोटारी चालल्या तर जमिनीखालचं पाणी अजून किती खोल जाईल ते सांगायला ज्योतिषी नको होता. तातेरावांचं तिसरंच. साखर कारखाना काढू, उसाच्या चिपाडावर वीज करू, धूर थोडा, राख शेताला. पुष्पाबाईंनी नोकरीत असताना अंकुशनगरचा कारखाना पाहिला होता. तिकडं कालव्याचं पाणी होतं. इथं कापूस आणि सोयाबीन जेमतेम तगतं, ऊस कशावर उभा राहणार?

हे सगळं त्यांनी मनात मांडून पाहिलं. पण मनात मांडलेली परीक्षा खरी नव्हती. दुसऱ्या चुलीपाशी कुणीतरी बसलेलं लागतं.

*

शेवटी त्यांनी फोन लावला. सरदारबीला कानानं कमी ऐकू येत असल्यामुळे नाहिद मध्ये बसून एकेक वाक्य मोठ्यानं परत सांगायची.

पहिल्यांदा फॉर्मची गोष्ट सांगावी लागली.

नाहिदनं ती पलीकडं ओरडून सांगितली. मग सरदारबीचा आवाज, "पढीलिखी होके दस्तखत कायको की गे? मला शिकवल्तं ना, पैले वाचायचं."

"चष्मा नव्हता."

"अम्मी, बोल रहे चष्मा नहीं था," नाहिद ओरडली.

"चष्मा नव्हता तर तोंड होतं ना विचारायला." मग आवाज उतरला. "चल, जाऊ दे. मैं तो आतिउं. मी रांगेत उभी राहीन, तू भाईर निंबाखाली बस. पुलावर संग जाऊ."

पुष्पाबाईंच्या छातीवरचा दगड अर्धा उतरला. मग त्यांनी तिघांची पत्रकं वाचून दाखवली. नाहिद मध्येच हसत होती, कारण तिला एकाच दमात कोळसा, ऊस आणि सोलर पलीकडं पोचवायचे होते.

"गायरान?" सरदारबीनं मध्येच अडवलं. "हमारा गायरान? चाळीस साल मेरी बकऱ्या तिथं चरल्या. तो पाणवठ्याजवळचा निंब?"

"तोच."

"मग भागवतला फेल कर."

"अगं, पण धूर न्हाई त्यात. बाकी दोघांचा धूर हाय. एकाचा लांब जातो, एकाचा ऊस पाणी खातो."

"बकरी को बोल धूर नहीं है. वो क्या खायेगी, धूप?"

पुष्पाबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी घरात हसण्याचा आवाज झाला. भांडण छान रंगात आलं होतं, तेवढ्यात पलीकडं दुकानातून आमिरनं हाक मारली, जेवण मागितलं. नाहिद म्हणाली, "पुष्पाखाला, मैं रोटी डाल देतिउं, फिर लगाऊं?"

"फिर नक्को," सरदारबी म्हणाली. "बाकी का उसी दिन. पुलावर."

पण पुष्पाबाईंचं मत त्या दिवसापर्यंत थांबणार नव्हतं. हे सरदारबीच्या ध्यानात नव्हतं, आणि पुष्पाबाईंनी ती आठवण करून दिली नाही.

*

साहेब लोक आले मंगळवारी, अकराच्या सुमाराला. पाच माणसं. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, एक पोलीस, बाकीच्यांच्या हातात लिफाफे आणि पत्र्याची पेटी. त्यांनी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची तीन बाजूंची भिंत उभी केली.

"आजी, आत काय करता ते कुणाला दिसणार नाही. निवांत करा," साहेब म्हणाले, आणि घड्याळ पाहिलं. त्या दिवशी त्यांना अजून अकरा घरं करायची होती.

"चहा घ्या आधी."

"नको आजी, घेता येत नाही आम्हाला."

म्हणजे तेही नाही. पुष्पाबाई पुठ्ठ्याच्या आत वाकल्या. चष्मा आज होता. कागदावर पाच नावं. शाळेच्या रांगेत उभं राहिलं की पुढचीच्या अंबाड्याचा वास येतो, मागची कानाशी बोलते, कुणाचं मूल रडतं, आणि एवढ्या सगळ्यात माणूस आत जाईस्तोवर त्याचं मन कधी ठरतं ते कळतसुद्धा नाही. इथं फक्त पुठ्ठ्याचा वास होता. मागे पाच परकी माणसं श्वास धरून उभी होती.

काय जळतं, धूर कुणाकडं जातो, राख कोण काढतं. तिघंही कुठं ना कुठं अडत होते. त्यांनी खूप वेळ विचार केला. इतका, की पोलीस खाकरला. मग एक गोष्ट मनाशी धरली. दोघांचं नुकसान आपल्याला दिसणार नाही अशा ठिकाणी होतं, एकाचं लांबच्या गावात, एकाचं जमिनीखाली, तिसऱ्याची राख आपल्याच गायरानात पडणार आहे. जी आपल्या दारात पडते, तिच्यासाठी निदान भांडता येतं. त्यांनी भागवतच्या नावापुढं खूण केली. त्या क्षणी पाणवठ्याजवळचा निंब डोळ्यांपुढं आला आणि सरदारबीची बकरीही आली.

लिफाफा चिकटवला, तो दुसऱ्या लिफाफ्यात घातला, सही केली. या वेळी वाचून केली. पाच माणसं पुठ्ठ्याची भिंत घडी करून निघून गेली. अर्धा तास लागला असेल सगळा. रांगेत तीन-तीन तास उभं राहिल्याचं कधी जाणवलं नव्हतं. हा अर्धा तास मात्र अंगावर राहिला.

*

दोन दिवसांनी दीपमाला घरोघर मतदाराच्या चिठ्ठ्या वाटत आली.

"सरदारबीची चिठ्ठी माझ्यापाशी ठेव," पुष्पाबाई म्हणाल्या. "ती सकाळी जीपनं येईल. चिठ्ठीसाठी हिंडायला नको."

दीपमालेनं गठ्ठा चाळला. पुन्हा चाळला. मग यादी काढून बोट फिरवलं. "आज्जी, त्यांचं नाव इथून काढलेलं हाय. जालन्याला बदलून घेतलं. पावसाळ्यात अर्ज आल्ता."

"तिनं न्हाई केला अर्ज."

"कुणीतरी केला आसंल. सही हाय म्हणून तर झालं."

पुष्पाबाईंना कळायला वेळ लागला नाही. आमिरनं केलं असणार. राशनचं म्हणून, गॅसचं म्हणून पाच कागद पुढं ठेवले असतील, त्यातला एक हा. वाईट हेतूनं नव्हे. आईला जीपमध्ये बसावं लागू नये म्हणून. आणि सरदारबीनं आमिरच्या चेहऱ्याकडं बघून सही केली असणार. कागदाकडं बघितलंच नसणार. दोघींनी एकाच वर्षात एकच चूक केली होती.

दीपमालेनं त्यांचा चेहरा वाचला. खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी कशाला सांगता त्यांना? येऊ द्या की. मत न्हाई तर न्हाई, भेट तरी हुईन. आता पुढची निवडणूक कवा, कोन जाणं."

ती गेली, पण तिचं बोलणं घरात राहिलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईंनी फोन केला नाही. कामं मात्र केली. सरदारबीची गोधडी उन्हात घातली. ज्वारी दळून आणली. तुरीची डाळ निवडून ठेवली, कारण तिला पातळ वरण आवडत नाही. हात चालत होते तोवर मन गप्प होतं. काय बिघडतं? ती येईल, शाळेत जाईल, तिथं तिला सांगतील नाव नाही. ती दोन शिव्या देईल आमिरला. मग दोघी निंबाखाली बसतील, पुलावर जातील, ती रात्री राहील. जालन्यातल्या एका म्हातारीचं मत कमी पडलं तर कुठला उमेदवार पडणार आहे?

तिसऱ्या प्रहरी गोधडी आत घेताना त्यांना देऊळझरीचा दिवस आठवला.

देऊळझरी म्हणजे डोंगराच्या अंगाचं छोटं गाव. जिल्ह्याचे मोठे साहेब तिथं परीक्षा बघायला येणार होते. पुष्पाबाईंचा आकडा त्या वर्षी मागे पडलेला, आणि देऊळझरीची जुनी चूल मोठी चांगली होती. कुणा हुशार बाईनं घातलेली, लाकूड कमी खाणारी. त्या दिवशी पुष्पाबाईंनी एक गोष्ट केली जी त्यांनी कुणालाच कधी सांगितली नाही. जुन्या चुलीला तोलून दिलेल्या लाकडांत त्यांनी तीन ओली लाकडं घातली. वजन सारखंच होतं. साहेब येऊन खुर्चीवर बसले, बाया गोळा झाल्या, काडी ओढायची तेवढी बाकी. सरदारबीनं जुन्या चुलीतलं एक लाकूड उचललं, बोटानं दाबलं, आणि काही न बोलता ती तिन्ही लाकडं बाहेर काढून स्वतःच्या नव्या चुलीतली सुकी तिथं घातली. ओली आपल्या चुलीत ठेवली. साहेबांनी विचारलं, हे काय करतेस? ती म्हणाली, "कुच नहीं साहेब. परीक्षा बराबर होना."

नवी चूल त्या दिवशी हरली. साहेबांनी शेरा वाईट मारला. वाटेत पुष्पाबाई दोन मैल बोलल्या नाहीत. ओढ्याशी आल्यावर सरदारबीनं डोक्यावरचा पाइप उतरवला आणि म्हणाली, "बाई, हरलो तर काय झालं, पाणी तर गरम झालं ना." आणि त्यानंतर अडतीस वर्षांत तिनं त्या लाकडांचं नाव काढलं नाही. एकदाही नाही.

पुष्पाबाईंनी गोधडी खाटेवर टाकली. गप्प राहणं म्हणजे काय ते आता त्यांना हाताला लागल्यासारखं कळलं. वजन सारखं दिसत होतं. पण लाकूड ओलं होतं. सरदारबी इथं आली तर तिचं तिथलं मत बुडणार होतं, बासष्ट सालापासून एकही न चुकवलेल्या बाईचं मत. आणि ते बुडणार होतं पुष्पाबाईंच्या एका संध्याकाळसाठी. ती राख सरदारबीला काढावी लागणार होती.

त्यांनी फोन लावला.

*

"नाहिद, अम्मीला सांग, तिचं नाव इथं न्हाई. मस्तगडच्या यादीत हाय."

नाहिदनं ते परत सांगितलं नाही. ती हळू म्हणाली, "खाला, मेरे को मालूम नहीं था. सच्ची. इनोंने किया होंगा."

"मला म्हाईत हाय. तू सांग तिला. मोठ्यानं सांग."

पलीकडं बोलणं झालं. आमिरचाही आवाज आला, समजावणीचा, घाबरलेला. नंतर फोन सरदारबीनं स्वतःच कानाला लावला असावा, कारण श्वास जवळून ऐकू आला.

"बाई."

"हां."

"तू नसतं सांगितलंस तर मी आली असते."

"म्हणूनच सांगितलं."

सरदारबीला हे ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग ती म्हणाली, "इथले कोण उभे हायेत, मला तर नावं बी म्हाईत न्हाई. नाहिद, वो कागदां ला."

आणि दोघींनी पुन्हा परीक्षा लावली. नाहिद दुकानात आलेली पत्रकं वाचत गेली. एकजण प्रत्येक छपरावर सोलर देणार होता. एकजण कारखान्यांना स्वस्त वीज देऊन गावातलं काम वाढवणार होता.

"धूर किधर जाता?" सरदारबीनं विचारलं.

"इधरीच आता, अम्मी," नाहिद म्हणाली. "कल सुखाये सो कपडे देखे ना तुम."

"छपरावाल्याला विचार, ती ताटं पुसायचं पाणी कोण चढवणार. छपरापर्यंत हंडा मी न्हाई नेणार."

तासभर चाललं. शेवटी सरदारबीनं ठरवलं की नाही ते सांगितलं नाही. पूल ओलांडेपर्यंत सांगायचं नाही, हा रिवाज होता.

*

मतदानाच्या दिवशी पुष्पाबाईंनी ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं. कुठं जायचं नव्हतं. दहाच्या सुमाराला नाहिदचा फोन आला, अम्मी रांगेत उभी आहे, अजून वीसजणी पुढं आहेत, बोलायचं म्हणतेय. आतमध्ये फोन चालत नाही, फाटकापर्यंतच धरता येईल.

"थांब," पुष्पाबाई म्हणाल्या. काठी घेतली आणि फोन कानाला धरून घराबाहेर पडल्या.

शाळेपासून थोड्या अंतरावर रस्त्यावर चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती. तिच्या पलीकडं फोन, झेंडे, प्रचार काही नाही. पुष्पाबाई रेघेपाशी येऊन उभ्या राहिल्या. लांब शाळेच्या दारात बायांची रांग दिसत होती.

"कोण कोण हाय?" फोनमधून सरदारबीनं विचारलं.

"कांताबाईची नातसून हाय. कडेवर पोरगी. मागे त्या आळीतल्या दोघी, नावं म्हाईत न्हाईत. दीपमाला टेबलावर." त्यांनी मोठ्यानं सांगितलं, आज मध्ये नाहिद नव्हती. "तुझ्याकडं?"

"पुढं एक मोठी बाई. मागे एक पोरगी मोबाइल बघतेय. कुणी बोलत न्हाई मेरेसे."

"माझ्याशी बोल."

दोघी रांगेत पुढे सरकल्या. म्हणजे सरदारबी सरकली, पुष्पाबाई रेघेवरच होत्या. मध्येच त्यांना मागे कुणाची तरी चाहूल लागली. शेतातून थेट आलेल्या दोन बाया, ओच्यात कापसाची बोंडं अडकलेली, त्यांच्या मागे येऊन गुपचूप उभ्या राहिल्या होत्या. एक म्हणाली, "आज्जी, रांग इथपातूर आली व्हय?"

"न्हाई ग. रांग तिकडं हाय. मी उगाच उभी हाय."

त्या हसल्या आणि पुढे गेल्या.

"कौन था?" सरदारबीनं विचारलं.

"रांग समजून माझ्या मागं उभ्या राहिल्या."

सरदारबी हसली. तिचं ते जुनं, श्वास अडकवणारं हसू. मग म्हणाली, "फाटक आ गया बाई. फोन देना है. पुलावर आपण न्हाई जात, इथंच सांग. कुणाला दिलं?"

"भागवतला."

"मेरा निंब दे दिया."

"दिला. धूर न्हाई म्हणून. चुकलं आसंल."

"राख कोण काढणार, विचारलंस?"

"विचारलं. उत्तर न्हाई आलं."

"मग रोज विचारत राह. तुला दुसरं काम काय हाय तिथं." मग म्हणाली, "तू मला सांगितलंस, बराबर केलंस. सुकी लकडी लावलीस."

म्हणजे देऊळझरीची लाकडं. तिला ते सगळं आठवत होतं. इतकी वर्षं आठवत होतं.

फोन नाहिदकडं गेला असावा, कारण फाटकाचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला आणि मग बंद झाला. सरदारबीनं कुणाला दिलं ते विचारायचं राहिलंच.

ऊन चढायला लागलं होतं. शाळेच्या दारातली रांग कमी-जास्त होत होती. रेघेजवळचा पोलीस म्हणाला, "आज्जी, मत द्यायचं का? चला, नेतो हळूहळू."

"माझं कवाच झालंय," पुष्पाबाई म्हणाल्या.

त्या थेट घरी गेल्या नाहीत. काठी टेकत ओढ्याच्या पुलापर्यंत गेल्या आणि कठड्याला हात ठेवून उभ्या राहिल्या. तिथून गायरान दिसत होतं, पाणवठा, त्याच्याजवळचा निंब, खाली कुणाची तरी शेरडं. सरदारबीचं मत ऐकल्याशिवाय पूल ओलांडायचा त्यांना धीर होईना. नाहिदचा फोन येईपर्यंत त्या मधोमध उभ्या राहणार होत्या.